केवळ मजकुरावरून

ज्या सत्याने आपले स्वतःचे नुकसान होते ते बोलायला धैर्य लागते, हे सर्वांना मान्य आहे. पण ज्या सत्याने आपल्या माणसाची मान खाली जाते आणि परक्याची मान सुटते, ते बोलायला नेमके काय लागते, याला आपल्या भाषेत चांगलासा शब्द सापडत नाही. धैर्य म्हणावे तर त्यात निष्ठुरतेचा अंश असतो. न्याय म्हणावे तर तो करणाऱ्याच्या वाट्याला त्याचे समाधान येत नाही. पुढील हकिगत अशा एका सत्याची आहे. तिच्यात दुष्ट कोणीही नाही, आणि म्हणूनच ती सांगताना जड जाते.

यंत्रांनी यंत्रांशी कसे बोलावे, याचे नियम काही अभियंते एकत्र बसून ठरवतात. अशा मंडळींना कार्यगट म्हणतात. तेथे कोणी कोणाचा साहेब नसतो, आणि मतदानही होत नाही. अध्यक्ष प्रश्न विचारतो, आणि ज्यांना तो मान्य असेल त्यांनी ओठ मिटून हुंकार भरायचा; मग ज्यांना अमान्य असेल त्यांनी. कोणता हुंकार भरघोस, ते कानांनी ठरवायचे. हात वर केला की माणूस शेजारच्याचा हात बघतो. हुंकाराला चेहरा नसतो, असा त्यामागचा विचार.

दुसरा रिवाज याहून कडक. नियमांचा मजकूर कितीही नेटका वाटला, तरी एकमेकांशी संबंध नसलेल्या दोघांनी केवळ तो मजकूर वाचून वेगवेगळे प्रोग्राम लिहायचे, आणि ते दोन्ही प्रोग्राम एकमेकांशी बिनचूक बोलू लागले, तरच मजकूर पूर्ण मानायचा. सूत्र खरे तेच, जे भाष्यकाराला न गाठता वाचकाला पुरते. "लेखक मेला तरी मजकूर चालला पाहिजे," असे या गटातले एक दांडग्या मिश्यांचे अभियंते म्हणत (त्यांना सगळे मिशाळच म्हणत), आणि लगेच गुरुजींकडे बघून म्हणत, "तुमच्याबद्दल नाही हो बोलत. तुम्ही बसा निवांत."

गुरुजींनी कधी शाळेत शिकवले नव्हते. पण दुसऱ्याच्या वाक्यातला जास्तीचा शब्द शोधून त्यावर ते अशी काट मारीत, की हे नाव त्यांना आपोआप चिकटले. गटाचा सर्वांत महत्त्वाचा मजकूर त्यांनी लिहिला होता. रुग्णाच्या खाटेजवळचे यंत्र परिचारिकेच्या टेबलावरच्या पडद्याला सतत संदेश पाठवते: नाडी इतकी, श्वास इतका. प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो. वाटेत रेंगाळलेला जुना संदेश ताजा समजला जाऊ नये, म्हणून गुरुजींनी लिहिले: आधीच्या क्रमांकापेक्षा लहान क्रमांकाचा संदेश आल्यास तो टाकून द्यावा.

वाक्य निर्दोष दिसत होते. पण क्रमांकालाही मर्यादा असते. गाडीच्या मीटरवर सगळे नऊ भरले की पुन्हा शून्ये येतात, तसा तोही भरतो आणि पुन्हा शून्यापासून चालू लागतो. मग ते शून्य लहान म्हणून टाकायचे, की नवा फेरा म्हणून घ्यायचे? याविषयी मजकूर मौन होता. गुरुजींना ते इतके उघड वाटत होते, की लिहायचे राहूनच गेले.

पहिला प्रोग्राम मिशाळांनी लिहिला. दुसरा लिहिला गुरुजींच्या मुलीने. ती दुसऱ्या कंपनीत नोकरीला होती आणि स्वतःच्या हिमतीवर नावारूपाला आली होती. नाते सर्वांना ठाऊक होते. पण हरकत कोणी घेतली नाही, कारण गटाच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे सर्वांना एकदम जाणाऱ्या पत्रांत, बापलेकीचे जे खटके उडत ते सर्वांनी चवीने वाचले होते. "ही दोघं एकमेकांना मदत करणार? वेळ तरी सांगतील का एकमेकांना?" असे मिशाळ म्हणाले होते. दोन्ही प्रोग्राम एकमेकांशी बोलले, क्रमांकाचा फेरा उलटल्यावरही बोलत राहिले. दोघांनी सह्या केल्या. मजकुराच्या पहिल्या पानावर शब्द उमटले: दोन स्वतंत्र प्रोग्राम, केवळ मजकुरावरून सिद्ध.

पुढे दूरच्या एका लहान कंपनीतल्या अभियंत्याने तिसरा प्रोग्राम लिहिला. गटात त्याला नाव नव्हते. 'तिसरे' एवढेच म्हणत. त्याने मजकूर शब्दशः पाळला. त्याच्या कंपनीचे पडदे एका रुग्णालयाने घेतले. क्रमांक भरायला बरेच महिने लागले. ज्या दुपारी ते भरले, त्या दुपारी पडद्याने पुढचा प्रत्येक संदेश जुना म्हणून टाकून दिला आणि शेवटचा चांगला आकडा तसाच दाखवत राहिला. खाटेवर एक बसचालक होते, शस्त्रक्रियेतून उठत असलेले. वॉर्डात शांतता राहावी म्हणून खाटेजवळच्या यंत्राचा आवाज बंद ठेवलेला असे. हाक मारण्याचे काम पडद्याचे. पडद्यावर त्यांची नाडी उत्तम होती. त्यांची पत्नी बाहेरच्या बाकावर बसून त्यांच्या सदऱ्याचे तुटलेले बटण शिवत होती, कारण दुसऱ्या दिवशी घरी जायचे होते.

चौकशी समितीने कार्यगटाला एकच प्रश्न पाठवला. मजकूर अपुरा होता, की वाचणाऱ्याने चूक केली? मजकूर पुरेसा होता असे उत्तर गेले असते, तर निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याबद्दल तिसऱ्यावर खटला उभा राहणार होता.

बैठकीच्या आदल्या दिवशी मुलगी आईवडिलांच्या घरी आली. गुरुजी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले होते. आई ओट्यापाशी भांडी विसळत होती.

"बाबा, एक विचारू?"

"परवानगी कधीपासून मागायला लागलीस?"

"शून्याचं मला कुठून कळलं?"

गुरुजींनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"माझ्या प्रोग्राममध्ये शून्य आलं की नवा फेरा धरलाय. काल मी तुमचा मजकूर पुन्हा वाचला, अगदी परक्या माणसासारखा. त्यात तसं कुठंच नाही. मग मला कुठून कळलं?"

"अक्कल आहे तुला. सुचलं असेल."

"नाही सुचलं. तुम्ही सांगितलंत. मी इथंच जेवायला बसले होते. मी म्हटलं, मध्येच शून्य आलं तर? आणि तुम्ही तोंडात घास ठेवूनच म्हणालात, अगं नवा फेरा, दुसरं काय!"

"आणि मी म्हणाले होते, त्या यंत्रांना जेवताना तरी जरा बाहेर बसवा," आई पाठमोरीच म्हणाली. "चांगलं आठवतंय मला. तू पाण्याचा तांब्या लवंडलास त्या दिवशी."

"तू मध्ये पडू नकोस," गुरुजी म्हणाले.

"मी कशाला पडतेय? मी आपली आठवण सांगितली."

 गुरुजी समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघ चिंगे. एवढंसं वाक्य ते."

"एवढंसंच. मला मिळालं, त्याला नाही मिळालं."

"तुझी सही आहे तिथं. केवळ मजकुरावरून. ती खोटी ठरेल, कळतंय का? अध्यक्षपद तुझ्याकडे येऊ घातलंय. आणि कंपनी? कंपनी काय आरती ओवाळील तुला?"

"खोटी म्हणून नव्हती केली मी सही. मला आठवलंच नव्हतं. घरातलं बोलणं मी मदत म्हणून धरलंच नाही कधी. आपण नेहमी बोलायचो तसं बोललो."

"मग आताही आठवू नकोस."

 मुलीच्या मनात दोन माणसे उभी होती. एक समोरचा, ज्याच्या आयुष्याची पुण्याई त्या एका मजकुरात होती. दुसरा तिने कधी न पाहिलेला, तो तिसरा अभियंता, जो उद्या दुरूनच बैठकीच्या पडद्यावर येऊन बसणार होता. अखेर ती म्हणाली, "मजकूर तुमचा आहे, बाबा. तुम्हीच सांगा उद्या. राहून गेलं म्हणा. तुमच्या तोंडून ते शोभेल. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"बघतो," गुरुजी म्हणाले.

त्या एका शब्दावर विश्वास ठेवून ती निघाली.

बैठकीची खोली अशा खोल्या असतात तशीच होती: राखी गालिचा, लांब टेबले, पायांत घोटाळणाऱ्या वायरी, पाण्याच्या काचेच्या बाटल्या आणि मधल्या वाटेत उभे केलेले दोन माइक. भिंतीवरच्या पडद्यावर तिसरे दिसत होते. मागे स्वयंपाकघराचे कपाट. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, कचेरीत जबाब द्यायला जाताना घालतात तसा.

"मंडळी, आज वेळ थोडा आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या, "तेव्हा भांडायचं ते नेमकं भांडा."

मिशाळ माइकवर गेले. "माझं म्हणणं सोपं आहे. मी वाचलं, मला समजलं. हिनं वाचलं, हिला समजलं. तिसऱ्यांना समजलं नाही, तर चष्मा कुणी बदलायचा? मजकुरानं?"

थोडे हसू पिकले.

"मी शब्दन् शब्द पाळलाय," पडद्यावरून तिसरे म्हणाले.

"शब्द पाळलेत हो. डोकं कुठं ठेवलं होतंत?"

"मिशाळ," अध्यक्षबाई हळू आवाजात म्हणाल्या, "माणूस गेलाय एक."

मिशाळ खाली बसले. आणखी कोणाला बोलायचे आहे का, म्हणून अध्यक्षबाईंनी सभोवार पाहिले. गुरुजी बोलले नाहीत. मुलगी त्यांच्याकडे पाहत होती. ते समोरच्या बाटलीतल्या पाण्याकडे पाहत होते.

हुंकार खोलीतलाच धरायचा, या रिवाजाप्रमाणे पडद्यावरचा माइक बंद करण्यात आला, आणि अध्यक्षबाईंनी विचारले, "मजकूर पुरेसा होता असं ज्यांना वाटतं, त्यांनी."

खोलीतून एक जाड, सुखवस्तू हुंकार उठला.

"अपुरा होता असं ज्यांना वाटतं, त्यांनी."

दोनतीन गळे. काचेमागे अडकलेल्या माशीसारखा आवाज. पडद्यावरच्या माणसाचे ओठ हलताना दिसले, पण त्याचे काहीच खोलीत पोहोचले नाही.

"उत्तर लिहिण्याआधी, नोंदीपुरतं विचारते," अध्यक्षबाई म्हणाल्या. "गुरुजी, तुम्ही लेखक आहात. हे दोन्ही प्रोग्राम केवळ मजकुरावरून लिहिले गेले, हे खरं ना?"

गुरुजी उठून माइकपाशी गेले. सावकाश गेले. त्यांनी मुलीकडे पाहिले नाही; पाहिले असते तर पुढचे वाक्य त्यांच्या तोंडून निघाले नसते.

"होय. केवळ मजकुरावरून."

जन्मभर दुसऱ्यांच्या वाक्यांची छाटणी केलेल्या माणसाचे ते वाक्य. त्यात जास्तीचा एकही शब्द नव्हता, आणि ते खोटे होते.

मुलगी दुसऱ्या माइकपाशी उभी राहिली. बोलण्याआधी आपले नाव सांगायचे असते. तिला त्याचे भान राहिले नाही.

"अध्यक्षबाई, ते खरं नाही."

"काय खरं नाही?"

"बाबा आत्ता म्हणाले ते."

या सभेत तिने त्यांना गुरुजींखेरीज दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नव्हती.  तिने सारे सांगितले: आपण काय विचारले, कोठे विचारले, उत्तर काय मिळाले, आणि आपली सही त्यामुळे निराधार कशी ठरते. एकही गोष्ट गाळली नाही.

"चिंगे, बस खाली," गुरुजी म्हणाले. ते अजून माइकपाशीच होते. घरातले ते नाव सगळ्या खोलीभर मोठ्याने घुमले, आणि कोणीही हसले नाही.

"बसते, बाबा. एवढं सांगून बसते."

अध्यक्षबाईंनी पडद्यावरचा माइक पुन्हा सुरू केला.  तिसरे म्हणाले, "म्हणजे तुम्हालाही कळलं नव्हतं?"

"नाही," मुलगी म्हणाली. "मला विचारावं लागलं."

"मलाही तिथंच अडलं होतं. शून्यापाशी." ते थांबले. "पण पहिल्या पानावर लिहिलं होतं, दोघांनी केवळ मजकुरावरून जमवलंय. म्हटलं, त्यांना पुरलं, म्हणजे मलाच कळत नाहीये. लिस्टवर विचारायला लाज वाटली. विचारलं असतं, तर तो माणूस आज बस चालवत असता."

 ज्या ओळीने मजकुराची खात्री द्यायची, तिनेच या माणसाचा प्रश्न त्याच्या घशात अडवला होता. 

मिशाळ जागेवरूनच उठले. माइककडे गेलेच नाहीत. "माझीही सही काढा," ते म्हणाले. "मी तरी ते शून्याचं वाक्य कुठं वाचलं होतं? इतकी वर्षं हेच करतोय. हात आपला सवयीनं लिहून गेला."

अध्यक्षबाईंनी प्रश्न पुन्हा विचारला. पुरेसा होता, यावर खोलीत वातानुकूलनाची घरघर तेवढी ऐकू आली. अपुरा होता, यावर हुंकार उठायला जरा वेळ लागला. पहिला आला तो माइकजवळून, खर्जातला, कोरडा. हुंकाराला चेहरा नसतो खरे. पण तो कोणाचा होता हे सर्वांना कळले. आपल्याच मजकुराविरुद्ध हुंकार भरून गुरुजी माइकपासून दूर झाले आणि दार उघडून बाहेर गेले. पडद्यावरच्या माणसाने दोन्ही तळव्यांत तोंड झाकून घेतले होते.

उत्तर गेले. तिसऱ्यावरचा खटला उभा राहिला नाही. मात्र चौकशी सुरू होताच त्याच्या कंपनीने त्याला घरी बसवले होते, ते पुन्हा कामावर घेतले नाही. ज्या नावाशी मृत्यू जोडला गेला ते नाव दारावर नको, असे कोणीतरी म्हणाले. मुलीची सही रद्द झाली. अध्यक्षपद दुसऱ्याकडे गेले. कंपनीने तिला काढले नाही. जिथे कोणी काही विचारायला येत नाही अशा एका टेबलावर नेऊन बसवले.

निर्णयाची प्रत घेऊन अध्यक्षबाई स्वतः बसचालकांच्या पत्नीकडे गेल्या. क्रमांक, शून्य, नवा फेरा, बापलेकीचे जेवतानाचे ते बोलणे, सारे त्यांनी शक्य तितक्या सोप्या शब्दांत समजावले. बसचालकांच्या पत्नीने नीट ऐकून घेतले.

"म्हणजे ते घरी जेवताना बोलले म्हणून?" त्यांनी विचारले.

अध्यक्षबाईंना हो म्हणवेना, आणि नाही म्हणवेना. त्या प्रत टेबलावर ठेवून परतल्या.

या मंडळींचा आणखी एक रिवाज आहे. एकदा प्रसिद्ध झालेला मजकूर पुसला जात नाही. तो चुकीचा निघाला तर नवा लिहितात, आणि जुन्यावर एवढेच नमूद करतात, की हा आता चालत नाही. गुरुजींचा मजकूर त्यांच्या नावासह तसाच राहिला आहे, ते वाक्यही तसेच आहे. नवा मजकूर दुसऱ्यांनी लिहिला. त्यात शून्यासाठी एक संपूर्ण परिच्छेद आहे. त्याची कसोटी घेणाऱ्या दोघांना एकमेकांचे नाव सांगितलेले नाही, आणि शंका आली तर ती सर्वांसमोर लिस्टवरच विचारावी असे त्यांना बजावले आहे.

मुलगी पुष्कळ दिवस आईवडिलांच्या घरी गेली नाही. गेली तेव्हा आई मुद्दाम शेजारी जाऊन बसली. गुरुजी गॅलरीत होते.

"मला खोटा ठरवलंस, ते ठीक," ते न वळता म्हणाले. "मी खोटा होतोच. पण मी ते तुझ्यासाठी बोललो होतो, चिंगे. तुला ते घेता आलं नाही."

"घेतलं असतं, बाबा. पण त्याची शिक्षा त्या माणसानं भोगली असती."

 ती उभी राहिली होती. गुरुजींनी शेजारच्या खुर्चीवरची वर्तमानपत्रे उचलून मांडीवर घेतली आणि खुर्ची रिकामी केली. ती बसली. दोघे खालच्या रस्त्याकडे पाहत राहिले. समेट झाला असे म्हणवत नाही. तुटले असेही म्हणवत नाही.

गेलेल्या जीवाला शांती लाभो, आणि त्याच्या मागे राहिलेल्या माउलीला, उत्तर मिळाले नाही तरी झोप मिळो. दूर एकट्याने वाचत बसणाऱ्या त्या माणसाला, न लाजता विचारावे असे कोणीतरी भेटो. आणि या बापलेकीला, ज्यांचे प्रेमही खरे होते आणि अपराधही खरा होता, एकमेकांशेजारी बसण्याइतके आयुष्य मिळो. सर्वांचे भले होवो.